एकेचाळिसावी सूचना

“मला निर्दोष ठरवू नका,” ती मुलगी म्हणाली. “ते वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होतं की नव्हतं, एवढंच शोधून द्या.”

मोरोपंत सुपेकरांनी वहीवरून मान वर केली. देवासच्या शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि गेली तीन वर्षं सुभद्राबाई शितोळ्यांची टिपणं लिहीत होते. सुभद्राबाईंची नोकरी सरकारी प्रयोगशाळेत झाली. सही खरी की खोटी, शाई जुनी की नवी, हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता माता टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत त्या खाजगी तपासाची कामं घेत. मृत्युपत्रं, स्थळांची चौकशी, असलं काहीबाही. स्वतःवरचा आरोप पक्का करून घ्यायला आलेलं माणूस पंतांनी प्रथमच पाहिलं.

मुलीचं नाव अनन्या खडके. वय सव्वीस. पीथमपूरच्या एका कोरियन कंपनीत दुभाषी होती. दोन महिन्यांपूर्वी तिचं नाव वर्तमानपत्रात आलं होतं, तेव्हा सगळ्या देवासानं ते वाचलं होतं.

“पहिल्यापासून सांग,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“कोरियाच्या मुख्य ऑफिसातून सूचना येतात. कोरियन भाषेत. त्या माझ्या फोल्डरमध्ये पडतात, मी हिंदी करते, आणि ते हिंदी कामगारांसाठी शॉपच्या बोर्डावर लागतं. सव्वीस मार्चला चार नंबरच्या प्रेसमध्ये, म्हणजे दाबयंत्रात, सापडून उमाशंकर नावाचा माणूस गेला. आत हात गेला की प्रेस थांबवणारा एक सेन्सर असतो. तो चाललाच नाही. मागून कळलं, सेन्सर सदोष आहे, तो बदलेपर्यंत प्रेस चालवू नका, अशी सूचना आठवडाभर आधीच आली होती. एकोणीस तारखेची. माझ्या फोल्डरमध्ये. तिचं हिंदी मी केलंच नव्हतं.”

“तुला ती आठवते?”

“नव्हती, असंच आठवतं. पण ती तिथं आहे, बाई. मी स्वतः पाहिली. यादीत सगळ्यात वर. आता मला माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख तीन-तीनदा वाचते. आई पिशवी हातातून काढून घेते.”

“आणि तू लिहून दिलंस.”

“हो. ‘सूचना मिळाली होती, नजरचुकीने भाषांतर राहिले.’ बाबा म्हणाले, सही कर. वीरूकाकांनी त्यांना सांगितलं होतं की नजरचूक लिहून दिली तर प्रकरण तिथंच मिटेल, नाहीतर पोरीवर गुन्हा लागेल. वीरूकाका बाबांचे चुलतभाऊ. तिथले प्लांट हेड. नोकरीही त्यांनीच लावून दिली होती.”

“उमाशंकरच्या घरचे?”

“गुड्डीभाभी. मूळच्या निसरपूरच्या, गाव धरणात गेल्यावर पीथमपूरला आले ते. मी माफी मागायला गेले होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.”

पंतांना विषय बदलावासा वाटला.

“ही कोरियन लिपी म्हणजे चिन्यांसारखी चित्रं का?” त्यांनी विचारलं.

अनन्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं तेज आलं. तिनं पंतांच्या वहीत एक अक्षर काढलं: 한. “चित्र नाही. हा ह, हा आ, आणि खाली न. तीन तुकडे एका चौकटीत बसवायचे की झालं ‘हान’. आपण जोडाक्षर लिहितो तसंच. संगणकात अशा अकरा हजार एकशे बहात्तर तयार चौकटी आहेत, प्रत्येकीला आपला क्रमांक. सुट्या तुकड्यांनाही क्रमांक आहेत, पण ते निराळे.”

पंतांनी आकडा नीट लिहून घेतला. त्याचा काही उपयोग होईल असं त्यांना वाटलं नाही.

“सूचनांच्या फायलींना नावं काय देतात?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“एकच शब्द. ‘थोंग्जी’, म्हणजे सूचना. पुढे महिना आणि दिवस.”

“ठीक. तू घरी जा. आणि दुधाची पिशवी एकदाच वाच.”

*

कंपनीच्या आत जाता आलं ते युनसाहेबांमुळे. हे कोरियन इंजिनियर चार वर्षं पीथमपुरात राहत होते. अनन्या त्यांच्याच हाताखाली होती, आणि तिच्या सहीच्या दिवसापासून ते कँटीनमध्ये एकटेच जेवत, असं गेटवरच्या माणसानं सांगितलं. फाटकावर दोघांचे फोन काढून घेतले गेले.

सर्व्हरच्या खोलीत अर्पित होता. ई-मेल, फायली, संगणक, सगळं त्याच्याकडे. बोलता बोलता तो सारखा मान पुसत होता, आणि खोलीत तर एसी चालू होता.

“सूचना कुठं येते?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“प्लांटच्या कॉमन मेलवर, मॅडम. ती मी उघडतो, नाहीतर प्लांट हेड, वीरेंद्रसाहेब. मग मी फोल्डरमध्ये टाकतो.”

“एकोणीस मार्चची तू टाकलीस?”

“उन्नीस को तो रंगपंचमी थी, मॅडम. प्लांट बंद. मी इंदूरला गेरमध्ये होतो, रंगांच्या मिरवणुकीत, दिवसभर. वीस तारखेला आलो, उशिरा आलो, मेल बघितली. त्यात ही नव्हती. मतलब… मला नाही दिसली.” त्यानं पुन्हा मान पुसली. “आता सगळे म्हणतात फोल्डरमध्ये आहे. म्हणजे मीच टाकली असेल ना? दुसरं कोण टाकणार?”

“फायलीवर तारीख असेल की.”

“सगळ्या फायलींवर दोन एप्रिल आहे. त्या दिवशी सर्व्हर बदलला. जुना रेकॉर्ड गेला.”

“इथं वेगळ्या प्रकारचे संगणक आहेत?”

“नाही. सगळी मशीनं विंडोजवाली, मीच बसवलेली. बाहेरचं मशीन गेटच्या आत आणायला मनाई आहे.”

“आणि बाहेरून, घरून, फोल्डर उघडता येतो?”

“दोघांनाच. युनसाहेब आणि वीरेंद्रसाहेब. युनसाहेबांचा लॅपटॉप कंपनीचाच आहे. वीरेंद्रसाहेबांना लिंक दिलीय, ते घरच्या मशीनवर उघडतात.”

सुभद्राबाईंनी फोल्डरची यादी छापून मागितली. नावांप्रमाणे लावलेली यादी. अर्पितनं कागद पुढं केला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “ये देखो. सबसे ऊपर ही पड़ी है. उन्नीस मार्च. तरी मॅडम, अनन्याला दिसली नाही, मला दिसली नाही.”

पंतांनी यादी पाहिली. पहिली ओळ १९ मार्च. तिच्याखाली ६ जानेवारी, मग ९ जानेवारी, आणि तिथून सगळ्या तारखा ओळीनं खाली. त्यांनी फायली मोजल्या. एकेचाळीस.

तेवढ्यात युनसाहेब आले. पन्नाशीचे, बारीक आवाजाचे. त्यांची हिंदी मोडकी होती, पण एकही शब्द ते गाळत नसत.

“मैंने खोजा,” ते म्हणाले. “अट्ठाईस तारीख. कोरिया से पूछा, सेन्सर बदला क्या, नोटिस दिया था. मैंने यहाँ खोजा. नहीं मिला. फिर तीन अप्रैल, वीरेंद्र साहब ने दिखाया. था. ऊपर था. मेरा आँख खराब.”

“यादी वाचलीत, की खोजायच्या जागी शब्द टाइप केलात?”

“टाइप.”

“आता पुन्हा करा.”

युनसाहेबांनी तो कोरियन शब्द टाइप केला. पडद्यावर आकडा आला: चाळीस.

पंतांनी कागद पुन्हा मोजला. एकेचाळीस. बोट ठेवून तिसऱ्यांदा मोजला. तरी एकेचाळीसच. वय झालं आपलं, असं त्यांच्या मनात आलं.

“दोन्ही आकडे लिहून ठेवा, पंत,” सुभद्राबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर पंत म्हणाले, “मला तर तो अर्पितच वाटतो. रंगाची झिंग उतरली नसेल, मेल पुसली गेली असेल हातून. मग घाबरून नंतर फाईल टाकली. घाम पाहिलात ना त्याचा?”

“घाम खरा आहे,” सुभद्राबाई म्हणाल्या. “पण आपण चुकलो की काय, ही भीती ज्याला वाटते त्याच्या घामाला वेगळा वास असतो. आपण काय केलं हे ज्याला पक्कं माहीत असतं, तो असा घामाघूम होत नाही.”

*

वीरेंद्र खडके धारला राहत. रविवारी दुपारी त्यांनी दोघांचं अगत्यानं स्वागत केलं. खिडक्यांना जाड पडदे, मधल्या टेबलावर पन्हं. स्वतः ते टेबलापलीकडं उघडा लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसले. मुलगा मनन टोरांटोला असतो, त्यानं तिथून जुना धाडून दिलाय, नातवाचे फोटो यावरच बघतो, असं ते कौतुकानं म्हणाले. पंतांच्या बाजूला लॅपटॉपची पाठ होती. तिच्या मधोमध महाकालाचं मोठं स्टिकर.

“पोरगी चांगली आहे हो,” वीरेंद्र म्हणाले. “माझ्याच अंगाखांद्यावर खेळलेली. चूक कुणाकडून होत नाही? मी तिच्या वडिलांना, भैयासाहेबांना तेच सांगितलं, नजरचूक म्हणून मोकळे व्हा. दोन-तीन वर्षांत लोक विसरतील.”

“फोल्डरमधली सूचना आधी तुम्हालाच दिसली म्हणे.”

“मलाच. युनला सापडेना. मी आपली यादी उघडली, तर सगळ्यात वर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.”

“रंगपंचमीच्या दिवशी तुम्ही कुठं होतात?”

“इथंच. रंगाचं मला अंगावर येतं, लाल चट्टे उठतात. त्या दिवशी मी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही.”

“मार्चअखेर मालाची घाई असेल.”

“घाई?” ते हसले. “मार्चअखेर म्हणजे आमची परीक्षाच. एक प्रेस एक दिवस थांबली तरी वरून फोन येतो.”

एवढ्यात लाइट गेली. पंख्यांची पाती मंदावली, फ्रिजची घरघर थांबली, आणि जाड पडद्यांमुळे खोलीत एकदम काळोख झाला. त्या काळोखात पंतांना लॅपटॉपच्या पाठीवरचा महाकाल मधोमध उजळलेला दिसला. स्टिकरच्या आतून पांढरा, मंद प्रकाश झिरपत होता. पंतांचे हात नकळत जोडले गेले.

“वीरेंद्रराव, असं दिवा लागणारं स्टिकर कुठं मिळालं?”

“उज्जैनला,” वीरेंद्र म्हणाले, “तिथं सगळंच मिळतं,” आणि त्यांनी झाकण खाली केलं.

सुभद्राबाईंनी पन्ह्याचा पेला संपवला आणि निघायची परवानगी मागितली.

*

तीन दिवसांनी संध्याकाळी देवासला भैयासाहेब खडक्यांच्या बैठकीत सगळे जमले. भैयासाहेब बँकेतून निवृत्त झालेले, पण बोलणं अजून जुन्या सरदारी वळणाचं. अनन्या आईशेजारी खाली बघत बसली होती. अर्पित दाराजवळ. युनसाहेब कंपनीचा लॅपटॉप मांडीवर घेऊन. वीरेंद्र शेवटी आले आणि भैयासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

“आपण सगळ्यांना तसदी दिलीत, आता आज्ञा व्हावी,” भैयासाहेब म्हणाले.

“युनसाहेब, फोल्डर उघडा,” सुभद्राबाई म्हणाल्या. “सूचना हा शब्द टाइप करून शोधा.”

“चालीस,” युनसाहेब म्हणाले.

“आता टाइप करू नका. यादीत जी सगळ्यात वर आहे, एकोणीस मार्चची, तिच्याच नावातला तो शब्द उचला आणि तो शोधा.”

युनसाहेबांची बोटं चालली. ते पडद्याकडे पाहत राहिले. “एक,” ते हळूच म्हणाले. “सिर्फ एक.”

“अनन्या, तू वाच. पहिला शब्द काय? दुसरा काय?”

अनन्या उठून आली. “थोंग्जी,” ती म्हणाली. “थोंग्जी. दोन्ही एकच आहेत, बाई. कानामात्रेचाही फरक नाही.”

“तुझ्या डोळ्यांना नाही. ते ठणठणीत आहेत. फरक संगणकाला कळतो.” सुभद्राबाई पंतांकडे वळल्या. “तुम्ही वहीत लिहून ठेवलंय, अकरा हजार एकशे बहात्तर. तयार चौकटी. चाळीस फायलींची नावं अशा तयार चौकटींनी लिहिलीत. या एकीचं नाव सुट्या तुकड्यांनी लिहिलंय. तुकडे एकमेकांशेजारी आले की पडद्यावर ते आपसूक चौकटीत बसतात, म्हणून दिसायला फरक काही नाही. पण संगणक रूप बघत नाही, क्रमांक बघतो. तयार चौकटींचे क्रमांक शोधले की तुकड्यांचं नाव त्याच्या लेखी दुसराच शब्द.”

“हे काय गौडबंगाल?” भैयासाहेब म्हणाले.

“कोरियनच कशाला, हिंदीतही घडतं. नोकरीत असताना एका खटल्यात लाड़कुँवर नावाची बाई माझ्यापुढं आली. कागदांत ती दोनदा होती आणि संगणक म्हणे दोन बायका आहेत. हिंदीतल्या ड़ला एक तयार क्रमांक आहे. आणि साधा ड काढून त्याखाली टिंब दिलं तरी तसाच ड़ दिसतो, पण ते क्रमांक दोन. एका कारकुनानं एक लिहिला, दुसऱ्यानं दुसरा. त्या बाईला आपणच आपण आहोत हे सिद्ध करायला दोन वर्षं लागली.”

अर्पित पुढं सरकला. “म्हणजे म्हणूनच ती वर होती? यादीत?”

“म्हणूनच. सुट्या तुकड्यांचे क्रमांक लहान, तयार चौकटींचे मोठे. यादी क्रमांकांप्रमाणे लागते. एरवी मार्चची फाईल जानेवारीच्या डोक्यावर कशी बसेल? सगळे म्हणाले, ‘सगळ्यात वर असून दिसली नाही.’ ती वर का आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही.”

पंतांना आपलं तीनदा मोजणं आठवलं.

“आता प्रश्न असा,” सुभद्राबाई म्हणाल्या, “की एकाच सूचनेचं नाव तुकड्यांत का? कोरियाहून सगळी नावं तयार चौकटींत येतात. प्लांटमधलं कुठलंही यंत्र त्यांना हात लावत नाही. अर्पितनं ती टाकली असती, वीस मार्चला किंवा घाबरून नंतर, तरी ती बाकीच्यांसारखीच असती. अनन्याच्या यंत्रावरून आली असती तरीही. पण एका जातीच्या संगणकाला, विशेषतः जुन्याला, एक खोड आहे. फाईल ठेवताना तो तिच्या नावातल्या चौकटी मोडतो आणि तुकडे करून ठेवतो. तिथून ती पुन्हा इंटरनेटवर चढवली की नाव तुकड्यांतच जातं. हा संगणक म्हणजे ॲपलचा.”

“ॲपलचे लॅपटॉप जगात पुष्कळ आहेत,” वीरेंद्र म्हणाले. आवाज नेहमीचाच होता.

“आहेत. पण या फोल्डरला बाहेरून दोनच दारं आहेत. एक युनसाहेबांचं, आणि ते या विंडोजच्या यंत्रातून उघडतं. दुसरं तुमचं. परवा तुमच्याकडं लाइट गेली तेव्हा महाकालाच्या मागून उजेड आला. पंतांनी हात जोडले. जुन्या ॲपलच्या झाकणावर सफरचंद असतं आणि यंत्र चालू असलं की ते आतून उजळतं. तुमचं स्टिकर त्याच्यावर आहे. उज्जैनला सगळं मिळतं, वीरेंद्रराव, पण दिवा लागणारं स्टिकर मिळत नाही.”

पंतांचे कान तापले.

“सूचना आली रंगपंचमीला,” सुभद्राबाई पुढं म्हणाल्या. “प्लांट बंद. अर्पित गेरमध्ये. तुम्ही घरात. कॉमन मेल तुम्ही उघडलीत, सूचना आपल्या लॅपटॉपवर उतरवलीत आणि मेल पुसलीत, म्हणून वीस तारखेला अर्पितला काही दिसलं नाही. अठ्ठावीसला युनसाहेबांनी शोधलं, तेव्हा फोल्डरमध्ये ती नव्हतीच. पण कोरियाहून विचारणा झाली होती. सूचना आलीच नाही असं म्हणायची सोय राहिली नाही. मग ती कुणाकडं तरी आलेली असायला हवी होती. सर्व्हर बदलायच्या आधी तुम्ही ती घरून अनन्याच्या फोल्डरमध्ये चढवलीत, आणि दोन एप्रिलला सगळ्यांच्या तारखा पुसल्या गेल्या. तुमच्या लॅपटॉपवर ती फाईल कधी उतरली, हे तपासणं मात्र अवघड नाही.”

वीरेंद्रांनी भैयासाहेबांकडे पाहिलं. भैयासाहेब समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

“एक एप्रिलला बदलणार होतो,” वीरेंद्र म्हणाले. “फोनवर भाषांतर करून वाचलं त्याच दिवशी मी सेन्सर मागवला. दादा, विचारा स्टोअरला. ती बोर्डावर लागली असती तर पोरांनी त्याच दिवशी प्रेस बंद केली असती. मार्चचा माल गेला असता की लगेच… फक्त पाच दिवस राहिले होते हो.”

“काका.” अनन्याचा आवाज इतका बारीक होता की पंतांना पुढं झुकावं लागलं. “मी तुमच्याकडं आले होते. मला वेड लागतंय का, असं विचारलं होतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. होतं बेटा असं कधी कधी, म्हणालात.”

वीरेंद्रांनी मान वळवली.

युनसाहेबांनी लॅपटॉप मिटला, उठून अनन्यासमोर उभे राहिले आणि कमरेतून वाकले. मग अर्पितला घेऊन ते निघून गेले.

ते गेल्याची खात्री झाल्यावर भैयासाहेब म्हणाले, “सुभद्राबाई, आपण खरं शोधून काढलंत. आपले उपकार आहेत. पण हे या बैठकीबाहेर जायला नको. युनसाहेबांना मी भेटेन.”

“काय म्हणालात?”

“पोरीचं नाव जायचं ते गेलंच. तिला आता समजलं की तिची चूक नव्हती, तिच्या मनाची शांती झाली. आता घराण्याचंही नाव कशाला घालवायचं? वीरू माझा भाऊ आहे. गेलेला माणूस काही परत येणार नाही.”

अनन्याची आई पदराशी चाळा करत राहिली. अनन्यानं वडिलांकडे पाहिलं. सहीच्या दिवशीही तिनं असंच पाहिलं असेल, असं पंतांना वाटलं. त्या दिवशी मात्र तिच्या नजरेत विश्वास असणार.

“तुम्हाला माहीत होतं, बाबा?” तिनं विचारलं.

“नव्हतं. देवाशपथ नव्हतं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “पण कळल्यावर तुम्हाला अर्धा तासही लागला नाही.”

ती आत गेली, चपला घालून बाहेर आली. “बाई, मला पोलिसांत जबाब फिरवायचा आहे. पंतकाका मराठीत लिहितील, मी हिंदी करीन.”

*

जबाब लिहून घेतला गेला. ठाण्यातला अंमलदार म्हणाला, आधी सही केली, आता नाही म्हणता, वरून विचारावं लागेल, वेळ जाईल. कंपनीनं वीरेंद्रांना प्रकृतीच्या कारणावरून रजेवर पाठवलं. अनन्याला पत्र आलं, कामावर रुजू व्हावे. ते तिनं फाडलं नाही, उत्तरही दिलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात ती म्हणाली, “गुड्डीभाभीकडं जायचंय. एकटीनं जाववत नाही.” पंतांनी गाडी काढली. सुभद्राबाई गाडीतच बसल्या. म्हणाल्या, तिथं माझं काम नाही.

पीथमपूरच्या मागच्या वस्तीत एका खोलीच्या दारात गुड्डी तांदूळ निवडत होती. या वेळी तिनं दार लावलं नाही. अनन्यानं उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. चौकटी आणि तुकडे तिनं सांगितले नाहीत. सूचना कुणी लपवली आणि तिच्या फोल्डरमध्ये कुणी टाकली, एवढंच सांगितलं.

गुड्डीचा हात सुपात थांबला. “तो तूने नी किया था.”

“नहीं.”

“तो फिर साइन क्यूँ करी थी?”

“मला… मेरे को लगा मेरी ही गलती है. सब बोले.”

“सब बोले.” गुड्डीनं एक खडा बाजूला टाकला. “तू साइन नी करती तो वो उसी दिन पकड़ाता. पुलिस आई थी, पूछ रही थी. तेरा कागज आया तो चली गई. दो महीने मैं तेरे कू कोसती रही, रोज. अब वो सब किधर जाएगा?”

पंतांनी नजर दुसरीकडं वळवली.

“क्या लिखा था उसमें?” गुड्डीनं विचारलं. “मेरे कू किसी ने बताया ही नी.”

अनन्यानं आठवून, शब्द शब्द जुळवत सांगितलं. “चार नंबर प्रेस का सेन्सर खराब है. नया लगने तक इस प्रेस पर कोई काम न करे.”

“बस?”

“बस.”

गुड्डीनं सूप हलवलं. मग न थांबता, तांदळावरची नजर न काढता ती म्हणाली, “आठवीं तक पढ़ा था वो. बोर्ड पे जो भी लगता, पूरा पढ़ता था. घर आके मेरे कू सुनाता था.”

तिनं निवडलेले तांदूळ पातेल्यात ओतले, आणि पाणी आणायला उठून आत गेली. अनन्या उंबऱ्याशी बसून राहिली. तिला जा म्हणायला कुणी बाहेर आलं नाही, आणि ये म्हणायलाही आलं नाही.